आफ्रिका आणि आषाढाची पाळी

हट्ट्याच्या शाळेतल्या निरोपाच्या कार्यक्रमात मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, आता पुढं काय?" माझ्या आधी निवृत्त झालेल्यांनी या प्रश्नाला देवदर्शन, नातवंडं, तब्येत अशी ठरलेली उत्तरं दिली होती. माझ्या गळ्यात झेंडूचा हार टोचत होता, उभं राहून पायात गोळे आले होते आणि तोंडातून निघून गेलं, "आफ्रिकेला जाईन. तिथल्या मोकळ्या रानात जनावरं बघीन." सगळे हसले. एक गुरुजी म्हणाले, "बाई, आपल्या हट्ट्याच्या शिवारात रानडुकरं काय कमी हायेत का? एक रात्र भुईमुगात बसा, सगळी आफ्रिका दिसंल." पुन्हा हशा झाला.

बोलले तेव्हा मी ते मनापासून बोलले नव्हते. पण माझा स्वभाव वाकडा आहे. कुणी हसलं की मी तेच करते. घरी येऊन हार काढला, चहा टाकला आणि यांना सांगितलं की आपण आफ्रिकेला जायचं. हे म्हणाले, "बरं." लग्नाला पस्तीस वर्षं झाली, यांचं 'बरं' म्हणजे होकार नसतो, आता वाद नको एवढाच त्याचा अर्थ असतो. मला तेवढं पुरेसं होतं.

जनावरांचं वेड मुळात माझं नाही, ते आत्यांच्या संगतीनं लागलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात सासूला आत्या म्हणतात. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून त्यांचं जग म्हणजे खाट, वॉकर आणि शौचाच्या भांड्याची खुर्ची. डोकं मात्र लख्ख. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांना औषध दिलं की मी त्यांच्याच खोलीत भिंतीला टेकून बसायची, आणि टीव्हीवर जनावरांचा कार्यक्रम लागायचा. मालिका त्यांना नको असायच्या. "त्या बाया नुसत्या नटून भांडून राहिल्या, काम कुणीच करत न्हाई," म्हणायच्या. जनावरं त्यांना आवडायची, कारण ती सारखी खात किंवा चालत असायची.

त्यांनी सगळ्यांना नावं ठेवली होती. झेब्रा म्हणजे पट्ट्याचं गाढव. जिराफ म्हणजे उंटाची जाऊ. आणि विल्डबीस्ट नावाचे ते हजारोंनी चालणारे प्राणी म्हणजे दाढीचे रोही. आमच्याकडे शिवारात रोही, म्हणजे नीलगायी, येतात, पिकं तुडवतात, म्हणून ते नाव. दरवर्षी हे रोही चाऱ्यासाठी एक नदी ओलांडतात आणि नदीत मगरी असतात. तो भाग लागला की आत्या मान उंचावून बघायच्या. "काहून उड्या मारून राहिले? तिथं पूल न्हाई का?" त्या कळपात मागं एक लंगडी मादी होती. सगळे उतरले तरी ती काठावर उभी. तिचं पुढं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. दोनदा ऐन वेळी लाईट गेली, एकदा आत्यांना खुर्चीवर बसवायची वेळ आली, एकदा जाहिराती लागल्या आणि नंतर भलताच भाग सुरू झाला. आत्या चार दिवस विचारत होत्या, "ती लंगडी गेली का गं पलीकडं?" मी कंटाळून म्हणायची, "गेली असंल."

आता पाळीचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं.

आमचे हे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कुणाच्या शेताला कोणत्या दिवशी पाणी, किती तास, मग कुणाचा नंबर, अशा पाळ्या लावण्यात यांचा जन्म गेला. आत्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा यांनी आईच्याही पाळ्या लावल्या. भाऊ दोघंच. आम्ही वसमतला, धाकटे दीर कुरुंद्याला शेतावर. तीन महिने इकडं, तीन महिने तिकडं. कुरुंद्याला माघ ते चैत्र हळद काढणं, शिजवणं, वाळवणं चालतं. अंगणात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून ते तीन महिने आमचे. वैशाख, जेठ, आषाढ त्यांचे. श्रावण, भादवा, अश्विन पुन्हा आमचे आणि कार्तिकापासून पौषापर्यंत त्यांचे. इंग्रजी तारखा आत्यांना चालत नाहीत. अमावास्येला त्या घर सोडत नाहीत. अमावास्या संपली की पाडव्याला, सकाळच्या उन्हात, दिरांच्या छोट्या टेम्पोत गादी टाकून त्यांना न्यायचं किंवा आणायचं. सोबत वॉकर, खुर्ची, औषधाचा डबा आणि त्यांचा पितळी तांब्या. तांब्या त्या मांडीवर धरून बसतात, दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

लोक म्हणतात, आईला काय वाटून घ्यायचं. ज्यांनी कधी कुणाचं अंथरूण रोज बदललं नाही ते म्हणतात. मी शाळा करून केलं आहे. सकाळी पाचला उठून आत्यांचं सगळं आवरायचं, स्वयंपाक, मग हट्ट्याची बस, तिथं चौथीची पोरं, परत आलं की पुन्हा आत्या. त्या स्वतःच्या मुलाला अंगाला हात लावू देत नाहीत. "पोराच्या हातनं धुऊन घेऊ का मी?" पगारी बाई लावून पाहिली, तर आत्यांनी तिच्याकडे पाठ फिरवून दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. सुनाच पाहिजेत, मी नाहीतर धाकटी जाऊ. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. म्हणजे, थोडी तक्रार आहेच.

तर आफ्रिका. सहलवाल्यांचं पत्रक आलं. नऊ दिवसांची सहल, त्यातले पाच दिवस त्या गवताळ रानातल्या राष्ट्रीय उद्यानात, छत वर उचललेल्या जीपमधून सकाळ-संध्याकाळ फेरी. नदी ओलांडणारे कळप बघायचे तर जुलैअखेर ते ऑगस्ट यायला हवं, असं त्यात लिहिलं होतं. मी भिंतीवरचं नवं कॅलेंडर काढलं. जुलैअखेर कुठं येतो? आषाढात. आषाढ कुणाचा? कुरुंद्याचा. मी लगेच नावं नोंदवायला सांगितली. एवढा सरळ हिशेब माझ्या आयुष्यात कधी जुळला नव्हता, आणि तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पुढचे सहा महिने तयारीत गेले. उत्साह वगैरे मला काही आठवत नाही, आठवतात त्या रांगा. पासपोर्टसाठी नांदेडला तीन खेपा झाल्या, कारण माझ्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि बाकी सगळीकडं सासरचं. पीतज्वराची लस मोजक्याच ठिकाणी मिळते, त्यासाठी पुण्याला गेलो. तिथं दंडावर एक टोचणी आणि हातात एक पिवळं कार्ड. कार्ड हरवलं तर विमानतळावरून परत पाठवतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून यांनी ते आधी तिजोरीत, मग बँकेत ठेवायचा विचार केला. शेवटी देवघरात गणपतीमागं ठेवलं.

सहलवाल्यांची यादीही मोठी होती. टणक बॅग नको, मऊ पिशवी हवी, कारण तिथं देशातल्या देशात उडणारं विमान लहान असतं. कपडे मातकट रंगाचे. निळा आणि काळा नको, त्या रंगांवर तिथल्या माशा धावून येतात. माझ्या कपाटात बहुतेक निळंच. शेवटी खाकी सदरे, पँटी आणि दोन रुंद काठाच्या टोप्या आणल्या. हे टोपी घालून आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कालव्यावर असताना ही पाह्यजे व्हती." एक दुर्बीणही घेतली. हे गच्चीवर जाऊन तिच्यातून पाण्याच्या टाक्या बघायचे. कितीतरी दिवसांनी यांना काहीतरी आवडलं होतं.

हे सगळं सामान आम्ही आत्यांच्या खोलीत ठेवलं. वैशाखात आत्या कुरुंद्याला गेल्या होत्या, खोली मोकळी होती. पिशव्या खाटेखाली, टोप्या खिळ्याला.

आणि कुरुंद्याला आम्ही एक शब्द सांगितला नाही. हे म्हणाले होते, "सांगून टाकू." मीच नको म्हटलं. मला जाऊबाईचं तोंड डोळ्यांसमोर दिसत होतं. ती शेतात राबणार, आत्यांचं करणार, आणि मी टोपी घालून हत्ती बघायला जाणार. ती काही बोलली नसती. ती बोलत नाही, हीच तिच्याशी वागण्यातली तकलीफ आहे. म्हटलं, जाऊन आल्यावर सांगू, चॉकलेटं देऊ, होऊन जाईल.

मधे अधिक महिना आला. आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. जेठाच्या आधी अधिक जेठ. मी पुरणाचे धोंडे केले, लेक-जावयाला बोलावलं, त्यांना ताटात अनारसे वाढले, सगळं रीतीनं केलं. तरी माझ्या डोक्यात आलं नाही. उलट वाटलं, यंदा देवानंच एक महिना विश्रांतीचा दिला.

जेठाची अमावास्या दोन दिवसांवर होती. आमचं निघणं त्यानंतर दोन आठवड्यांनी. सकाळी दिरांचा फोन आला. यांना कमी ऐकू येतं, फोन स्पीकरवर असतो. मी कणीक मळत होते.

"दादा, पाडव्याला आईला आणून सोडतो."

"आषाढ राह्यला की अजून."

"आषाढ कोठला? वैशाख झाला, धोंड्याचा झाला, जेठ झाला. मोजा तुमी."

"धोंड्याचा धरत असतात का? तो त्या जेठातच आला."

दीर म्हणाले, "मागल्या धोंड्याला तुमीच धरला व्हता, दादा. अक्कांनीच सांगितलं व्हतं. तीन महिने म्हंजे तीन महिने."

माझे हात परातीत तसेच राहिले. अक्का म्हणजे मी.

ते खरं होतं. तीन वर्षांपूर्वी धोंडा श्रावणात आला होता, आमच्या पाळीत. नुकतंच आत्यांचं हाड मोडलेलं, शाळेत परीक्षा, माझी कंबर गेलेली. भादव्याची अमावास्या झाली तशी मी यांच्याकडून कुरुंद्याला फोन लावून घेतला आणि घटस्थापनेच्या दिवशी आत्यांना पाठवून दिलं. अश्विन राहिला होता. यांनी विचारलं होतं, "अश्विन आपला न्हाई का?" मी म्हणाले होते, तीन महिने म्हंजे तीन महिने, मी काही लोखंडाची न्हाई. कुरुंद्याच्यांनी त्या वर्षी आत्यांना चार महिने ठेवलं. एका शब्दानं बोलले नाहीत. आणि मी ते विसरूनही गेले होते. स्वतःच्या सोयीचं माणूस किती स्वच्छ विसरतं.

पाडव्याला टेम्पो आला. जाऊबाई आली नव्हती. दिरांनी आणि यांनी मिळून आत्यांना उचललं, खाटेवर ठेवलं. आत्यांनी तांब्या उशाशी ठेवला, खोलीत नजर फिरवली आणि खिळ्याकडं बघितलं.

"ह्या टोप्या कुणाच्या?"

"आमच्याच," मी म्हटलं. "पुण्याला जायचंय जरा."

"पुण्याला एवढं ऊन हाय का?" मग त्यांचा हात खाटेवरून खाली लोंबला आणि पिशवीच्या बंदाला लागला. पिशवीत वर दुर्बीण होती. त्यांनी ती काढून मांडीवर घेतली. टीव्हीत त्यांनी ती शंभर वेळा पाहिली होती. "आन् पुण्याला दुर्बीण?"

दीर दारात उभे होते. त्यांनीही टोप्या बघितल्या, पिशव्या बघितल्या आणि चहा न घेता निघून गेले. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

दुपारी यांनी आत्यांना सगळं खरं सांगितलं. पाळीचंही सांगितलं, चूक कशी झाली तेही. पाटबंधाऱ्याच्या सवयीनं कागदावर महिने मांडून दाखवले. आत्यांनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत नाही. तरी बराच वेळ बघितला.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "आता मी कुणाच्या पाळीत मरू, तेवढं बी मांडून ठेवा याच्यावर. म्हंजे नंतर भांडण न्हाई."

त्या चिडून नव्हत्या बोलल्या. चिडल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. हे कागद घेऊन बाहेर गेले. मी आत्यांचं पांघरूण नीट केलं आणि त्यांनी मला ते करू दिलं.

संध्याकाळी हे म्हणाले, "तू जा. मी थांबतो."

"तुमी थांबून काय करणार? त्या हात लावू देतात का तुम्हाला?"

"मग न्हाई जायचं."

"न्हाई जायचं," मी म्हटलं. ते म्हणताना मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी फक्त थकले होते. सहा महिने ज्या गवताळ रानाच्या आधारावर मी पहाटे उठत होते ते गेलं, आणि त्या जागी उद्याची पहाट तेवढी राहिली. आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त एक गोष्ट डाचत होती. सहल गेली त्याचं दुःख होतं, पण धाकट्या जावेसमोर मी उघडी पडले, त्याची लाज त्या दुःखाच्या वर बसली होती.

ती लाज घेऊन झोप लागेना. दुसऱ्या दिवशी आत्यांचं आवरून, दोन तासांत येते म्हणून मी कुरुंद्याच्या ऑटोत बसले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मागायला जायचं नव्हतं, एवढं मात्र ठरवलं होतं.

जाऊबाई हळदीत खुरपत होती. पाऊस उघडला होता, पानं गुडघ्यापर्यंत आली होती. मला बांधावर बघून तिनं हातातलं खुरपं खाली ठेवलं नाही.

"अक्का, काहून आलात? निरोप द्यायचा."

मी चप्पल काढून वाफ्यात उतरले. तिच्या शेजारी बसले, पण खुरपं नव्हतं, हातानं गवत उपटायला लागले. म्हटलं, "मागल्या धोंड्याला मी चुकले. तुमच्यावर एक महिना टाकला."

ती खुरपत राहिली. एक ओळ संपली तेव्हा म्हणाली, "मपल्या पोरीचं पहिलं बाळंतपण व्हतं त्या अश्विनात. माहेरला आणायची व्हती. खोली एकच. आत्या आल्या. आत्याचं करू का बाळंतिणीचं? मंग तिच्या सासूनंच केलं."

मला आठवलं. बारशाला आम्ही तिच्या सासरी गेलो होतो. मी पोरीला विचारलं होतं, "काय गं, माहेरला काहून न्हाई गेलीस?" आणि ती "अशीच" म्हणाली होती. मी तेवढ्यावर जेवायला बसले होते. पहिलं बाळंतपण माहेरी होत असतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मी शिकलेली, पोरांना शिकवणारी, आणि मला पुढचं विचारावंसं वाटलं नव्हतं.

"तुमी सांगायचं व्हतं तेव्हा," मी म्हटलं.

"तुमी विचारायचं व्हतं."

आम्ही दोघी बराच वेळ गवत काढत राहिलो. माझी कंबर भरून आली. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तिचीही भरून येत असणार, कारण तिनं एकदा उठून पाठीला हात लावला.

मग तिनंच विचारलं, "कधी निघायचं हाय?"

"न्हाई जायचं आता. सोडून दिलं."

"पैसे भरले असतील की."

"भरले. जाऊ द्या."

"दहा दिवस ठेवते मी," ती म्हणाली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "भावजींना म्हणा, आणून सोडा. पण अक्का, आषाढ माझा न्हाई. तेवढं एकदा तोंडानं म्हणा."

"आषाढ आमचा," मी म्हटलं.

"बराबर."

ऑटोत परत येताना मला खूप आनंद व्हायला हवा होता. रस्ताभर मी नुसती त्या बाळंतपणाचा विचार करत होते. केलेली चूक कबूल केली की हलकं वाटतं म्हणतात. मला तर ती घरी परत नेताना जास्त जड लागली.

आत्यांना पुन्हा न्यायचं ठरलं. पंधरा दिवसांत दोनदा गाडीत घालायचं, दोनदा उतरवायचं. या खेपेला टेम्पो भाड्याचा आणला आणि उचलायला हे स्वतः आणि शेजारचे एक जण होते. टेम्पोत गादीवर ठेवलं, तांब्या दिला. मी पायाशी बसले. कुरुंदा जवळ आल्यावर आत्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, आता ऐकवतील. मी ऐकायला तयार होते.

"तिथं ती नदी हाय ना, मगरीची," त्या म्हणाल्या.

"हाय."

"ती लंगडी पलीकडं जाती का, ते पाहून ये. टीव्हीवाले मधीच तोडतात."

"आत्या, ती कुठं असंल आता. वर्षं झाली."

"ती नसंल तर दुसरी असंल. हजारात एक तरी लंगडी असतीच की." आणि जरा वेळानं, रस्त्याकडं बघत, "मलाबी पाह्यचं व्हतं. पण मला कोण नेणार."

मी त्यांचा पाय धरून बसले होते, तसाच धरून ठेवला. हे पुढं ड्रायव्हरशेजारी होते, त्यांना ऐकू आलं नाही.

आफ्रिकेबद्दल मी फार लिहीत नाही. लोक विचारतात तेव्हाही चारच वाक्यं सांगते. विमानात पाय सुजले. पहाटे थंडी आणि दुपारी धूळ. गवत आपल्या कापणीला आलेल्या ज्वारीच्या रंगाचं आणि संपेचना. हत्ती मात्र बघितले, अगदी जवळून. म्हातारी हत्तीण पुढं चालत होती आणि बाकीचे तिच्या चालीनं चालत होते. जीपमधले सगळे फोटो काढत होते. मी काढला नाही.

नदीवर आम्ही दोन दिवस थांबलो. काठावर जीपांची रांग, सगळे दुर्बिणी लावून. दाढीचे रोही आले, हजारोंनी आले. धूळ उडाली, काठ काळा झाला. पुढचे पाण्यापर्यंत उतरले, वास घेतला, उभे राहिले. मागचे ढकलत होते. आम्ही उन्हात बसून राहिलो. मी दुर्बिणीतून लंगडी शोधत होते, डोळ्यांना पाणी येईपर्यंत शोधली. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, सगळा कळप वळला आणि आल्या वाटेनं परत गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. ड्रायव्हर म्हणाला, असं होतं, कधी कधी आठवडाभर होतं. आमची वेळ संपली होती.

घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी आत्यांना आणलं. जाऊबाईला चॉकलेटं दिली नाहीत. तिच्या लेकीला, नातवंडासकट, दिवाळीनंतर आठ दिवस आमच्याकडे पाठवा, मी करते तिचं, असं म्हटलं. ती "बघू" म्हणाली. बाळंतपण तीन वर्षांपूर्वीचं, आता आठ दिवसांनी काय भरून येणार, हे तिलाही कळतं आणि मलाही.

पहाटे पाचला उठणं सुरू झालं. अंग अजून त्या प्रवासातून बाहेर आलं नव्हतं, तरी खुर्ची, गरम पाणी, औषध, सगळं होतं तसं. दुपारी मी भिंतीला टेकून बसले. टीव्ही लावला नाही. आत्यांनी विचारलं, "पाह्यलं का?"

खोटं सांगायचं मी विमानातच ठरवलं होतं. गेली पलीकडं, म्हणायचं. पण त्यांच्या तोंडाकडं बघून ते जमलं नाही. मी खरं सांगितलं. दोन दिवस थांबलो, ते आले, पाण्यापर्यंत गेले आणि माघारी फिरले.

"सगळेच?"

"सगळेच."

"लंगडीबी असंल मंग त्यात."

"असंल."

आत्या छताकडं बघत पडल्या होत्या. "अलीकडं चारा व्हता का?"

"व्हता थोडा."

"आन् कुणी हाकललं न्हाई ना त्यायला? की जा म्हणून पलीकडं?"

"न्हाई, आत्या. कुणीच न्हाई हाकललं. त्यायच्या मनानंच फिरले."

"मंग बरं हाय त्यायचं," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळायला मला हात दिला.

मी त्यांना वळवलं, पाठीमागं उशी लावली. भिंतीवर कॅलेंडर होतं. दिवाळीच्या पाडव्याला, जिथं आमची पाळी संपते, तिथं मी वर्षाच्या सुरुवातीलाच पेनानं गोल करून ठेवला होता. तो गोल खोडावा असं मला त्या दुपारी फार वाटलं. पण त्यांना कायमचं इथंच ठेवीन असं म्हणायची ताकद माझ्यात नव्हती, आणि नसलेली ताकद दाखवायला मी आता घाबरते. गोल तसाच आहे. आत्यांना तो खाटेवरून दिसतो.